उजव्या हाताचं रीळ

"डावं की उजवं?" फ्राऊ आइग्नरने विचारलं. सुधीर नुसता काउंटरवरच्या दोन रिळांकडे बघत राहिला.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या स्टेशनामागे तिचं मासेमारीच्या सामानाचं एक जुनाट दुकान आहे. गेल्या महिन्याभरात सुधीरची तिथली ही चौथी फेरी. समोरची दोन्ही रिळं सारखीच होती, तळव्याएवढी काळी चाकं. गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडायचं, हातभर काठीला असं चाक लावायचं आणि तंगुसाचा दोरा सरळ खाली सोडायचा. नेहमीच्या रिळावर दोऱ्याला पीळ बसतो, मग टोकाचं आमिष पाण्यात भिंगरीसारखं फिरतं आणि मासा ढुंकूनही बघत नाही. चाकावर पीळ बसत नाही. फक्त दांडी एकाच बाजूला पक्की असते, काढून दुसरीकडे लावायची सोय नाही. म्हणून आधीच ठरवायचं, डावं की उजवं.

"मुलासाठी घेताय ना? तो कुठल्या हाताने फिरवतो?"

ध्रुव डाव्या हाताने फिरवतो. इथले बहुतेक लोक काठी उजव्या हातात धरतात आणि रीळ डाव्याने फिरवतात. चार वर्षांचे फोटो मोठे करकरून सुधीरने ते पाहून ठेवलं होतं.

"उजव्या," तो म्हणाला.

साफ खोटं. रीळ त्याला स्वतःला हवं होतं. त्रेसष्ट वर्षांचा, पेन्शनीत निघालेला माणूस, स्वतःच्या पैशांनी स्वतःसाठी एक चाक घेतोय, आणि दुकानदारणीला सांगतोय मुलासाठी! कारण पुढचा प्रश्न आला असता, 'कुठे जाताय?' आणि त्याला कोणी नेत नव्हतं.

कोणी नेत नव्हतं हेही अर्धंच खरं. ऑक्टोबरात त्याला विचारलं होतं. ध्रुवचा सासरा अलॉइस दर मार्चला स्वीडनला जातो, दहा दिवस, एका लाकडी खोपटात, बर्फावर मासे धरायला. बरोबर त्याचा भाऊ, भावाचा एक मित्र आणि चार वर्षांपासून ध्रुव. मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एक खाट रिकामी झाली. रविवारी कॉफीच्या टेबलावर, प्लमचा केक कापता कापता अलॉइस म्हणाला, "सुदीर, चौथी खाट मोकळी आहे. येतोस?"

सुधीरला हेच हवं होतं. आणि तोंड म्हणालं, "नाइन, नाइन! नको! मी कशाला? तुम्हाला उगाच अडचण."

"गुट, ठीक आहे," अलॉइस म्हणाला, आणि केकचा तुकडा तोंडात टाकला. विषय संपला.

सुधीर जन्माचा लातूरचा. तिकडे पंगतीत जिलबी आली की दोन्ही हात पानावर आडवे धरायचे, नको नको म्हणायचं, आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून जिलबी पानात सोडायची. तीनदा नको म्हटल्याशिवाय हो म्हणणारा हावरट. तिसऱ्यांदा न विचारणारा कंजूस. शुद्ध खोटेपणा आहे हा, आणि आपण त्याला संस्कार म्हणून मिरवतो. इथे नको म्हटलं की ताट उचलून नेतात. त्यात त्यांची काही चूक नाही. माणूस नको म्हणाला, म्हणजे त्याला नको आहे, इतका त्यांचा आपल्यावर विश्वास!

छत्तीस वर्षं झाली सुधीरला या देशात येऊन. पासपोर्ट बदलला, कचऱ्याचे चार डबे पाठ झाले, रविवारी ड्रिलमशीन चालवू नये हे रक्तात भिनलं. ही एक गोष्ट डोक्यात शिरली नाही. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत त्याने तेहेतीस वर्षं काढली, थंडीच्या चेंबरमध्ये. उणे चाळीसला ब्रेक कसा लागतो ते बघायचं. दर हिवाळ्यात त्याच्या ग्रुपमधले दोघेजण स्वीडनच्या गोठलेल्या तळ्यांवर खऱ्या गाड्या चालवून बघायला जायचे. साहेबाने त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आधी बाकीच्यांना जाऊ दे." बाकीचे गेले. तेहेतीस वर्षं बाकीचेच गेले.

तर ऑक्टोबरपासून सुधीर दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता. नोव्हेंबर गेला. ख्रिसमसला अलॉइसने त्याला लोकरीचे मोजे दिले, तेव्हा वाटलं आता विचारेल. मोजेच होते ते. जानेवारीत त्याने ठरवलं, विचारतील तेव्हा आपली तयारी हवी. आणि तो रीळ शोधायला लागला.

रिकाम्या घरात माणसाला काय काय सुचतं! एक्सेलची शीट झाली. सतरा रिळं, नऊ रकाने. चाकाचा व्यास, कारण लहान चाकावरचा दोरा थंडीत स्प्रिंगसारखा वळलेलाच राहतो. हातमोजे घालून दांडी पकडता येते का. रिळाचा काठीवर बसणारा पाय धातूचा असेल तर गारठ्याने बोटाला चटका बसतो का. आणि ब्रेक. मासा ओढायला लागला की दोरा तुटू नये म्हणून रीळ किती सहज सैल सोडतं, ते. जर्मनमध्ये त्याला सरळ ब्रेकच म्हणतात, आणि तो शब्द वाचल्यावर सुधीर महिनाभर माणसासारखा झोपला. या जगात त्याला कळणारी एक गोष्ट अजून शिल्लक होती.

पहिलं रीळ त्याने चांगलं महागातलं आणलं होतं. नऊ बेअरिंगं, चकचकीत. ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, मटार आणि खोवलेल्या नारळाच्या मध्ये. सकाळी हातमोजा घालून फिरवलं तर आतलं ग्रीस थिजलेल्या तुपासारखं. परत केलं. दुसऱ्याचा ब्रेक आधी अडकायचा आणि मग एकदम सुटायचा. तेही परत. तिसरं हे काळं चाक, दोनच बेअरिंगं, स्वस्त. दुकानातल्या नमुन्याचं रीळ फ्राऊ आइग्नरने त्याला दोन दिवस घरी नेऊ दिलं. ते चाललं. आता फक्त नवं विकत घ्यायचं होतं.

"उजवं," सुधीर पुन्हा म्हणाला. बाईने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि रीळ खोक्यात घातलं.

संध्याकाळी शुभाचा फोन आला. शुभा म्हणजे त्याची बायको. आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून सहा आठवड्यांसाठी पुण्याला गेली, त्याला आता चौदा महिने झाले. आई केव्हाच जिने चढायला लागली. शुभा आली नाही. भांडण नाही, काही नाही. तिला तिथे बरं वाटतं, एवढंच. मध्यंतरी तो जाऊन दोन महिने राहिला, तर सासूबाई रोज विचारायच्या, "जावईबापू, परत कधी जाणार?"

"काय करताय?"

"रीळ फ्रीजरमध्ये ठेवतोय. हे नवंही तपासायला हवं."

"अहो, खोबऱ्याला वास लागेल!"

"ग्रीस काढून बिनवासाचं तेल घातलंय."

"आणि जाणार कुणाबरोबर? विचारलं का त्यांनी परत?"

"विचारतील."

"अहो, फेब्रुवारी संपला."

सुधीरने फ्रीजरचं दार लावलं. "तू सांग ना ध्रुवला. सहज, गप्पांत. बाबांना आवडेल म्हणावं."

"मी नाही सांगणार." शुभाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पस्तीस वर्षं हेच केलं मी. बाबांना भूक लागलीय, बाबांना वाईट वाटलंय, बाबांना यायचंय पण ते म्हणणार नाहीत. तुमचं तोंड काय बँकेत ठेवलंय का? मी दमले हो. खरं सांगू का, म्हणूनच मी..." वाक्य तिने तिथेच टाकलं. मग म्हणाली, "पोळ्या आणता का अजून त्या पाकिटातल्या?"

"हो."

"बरं. झोपा वेळेवर."

रविवारी अलॉइसच्या घरी कॉफी होती. पुढच्या शनिवारी निघायचं, म्हणून सगळं सामान टेबलावर मांडलेलं. सुधीर खोकं पिशवीत घालून घेऊन गेला. बेत साधा होता. खोकं टेबलावर ठेवायचं, आणि म्हणायचं, मीही येतो. तीन शब्दांचं जर्मन वाक्य. गाडीत त्याने ते अकरा वेळा म्हणून बघितलं. ट्रॅफिक लाइटला शेजारच्या गाडीतली बाई त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा थांबला.

अलॉइस यादी वाचत होता. "चार झोपायच्या पिशव्या... नाही, तीन. चौथ्या खाटेवर बिअरचे खोके ठेवू. आल्झो, म्हणजे सॉसेजेस पण तिथेच."

बिअरचे खोके! म्हणजे खाट रिकामीच होती अजून. सुधीरने पिशवीतून खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. तोंड उघडलं.

"बाबा!" ध्रुव ओरडला. "माझ्यासाठी?"

ध्रुव बत्तीस वर्षांचा. म्युनिकला नोकरी करतो. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देतो. पण या क्षणी त्याचा चेहरा सहावीतल्या मुलासारखा फुलला होता. त्याची बायको लेना म्हणाली, "सुधीर, किती गोड!" अलॉइसने कौतुकाने मान डोलावली. सगळे सुधीरकडे बघत होते. उघडलेल्या तोंडातून काहीतरी यायला हवं होतं, आणि जे आलं ते असं,

"तुझ्यासाठीच. मग काय!"

ध्रुवने खोकं उघडलं. चाक फिरवून बघितलं, ब्रेक ओढून बघितला. "वा! ग्रीस काढलंस तू?" त्याने सवयीने काठीला लावून हातात घेतलं, डावा हात दांडीकडे नेला, आणि हात रिकाम्या हवेत राहिला. दांडी पलीकडे होती.

"हे उजव्या हाताचं आहे," अलॉइस म्हणाला.

कुणीतरी आता विचारायला हवं होतं की अरे, ध्रुवचे वडील इतके बारकाईने वागणारे, ग्रीससुद्धा पुसून आणतात, ते दांडीची बाजू कशी चुकतील? इतका साधा प्रश्न! तीन शहाणी माणसं टेबलाभोवती बसली होती, आणि तिघांनी मिळून ठरवलं की बाबा चुकले. म्हातारे आहेत, चुकतात.

"काही हरकत नाही," ध्रुव मायेने म्हणाला. ती मायाच सुधीरला झोंबली. "बदलून मिळेल. पावती आहे ना?"

"आहे."

"मग उद्या आणशील? की मी जाऊ?"

"नको, मी जातो. तुला कशाला त्रास."

सोमवारी सकाळी नऊला दुकान उघडलं तेव्हा सुधीर दारात उभा होता. त्याने खोकं आणि पावती काउंटरवर ठेवली. "बदलून हवंय. डावं."

फ्राऊ आइग्नर सत्तरीची, बोलायला दगड. तिने खोक्याला हात लावला नाही.

"एक सांगू? मुलांसाठी घेणारे किंमत विचारतात आणि जातात. तुम्ही चार वेळा येऊन एकेक रीळ फिरवून बघितलंत. या हाताने." तिने सुधीरच्या उजव्या हाताकडे बोट केलं. "डोळे मिटून फिरवत होतात. आता बोला, काय बदलू?"

सुधीरला आधी राग आला. हिला काय करायचंय? मग तो राग वळला, आणि ज्याच्यावर यायला हवा होता त्याच्यावर येऊन बसला. तेहेतीस वर्षं बाकीचे गेले! बायको गेली! आता बिअरचे खोके जाणार स्वीडनला, चांगले खाटेवर झोपून, आणि आपण इथे मटार आणि खोबऱ्याला पहारा देत बसणार! त्याने खिशातून फोन काढला. जीभ वळायच्या आत नंबर लावला.

"ध्रुव, मला यायचंय."

"कुठे?"

"स्वीडनला. तुमच्याबरोबर. ते रीळ माझं आहे. मी माझ्यासाठी घेतलं होतं."

पलीकडे शांतता. ब्रेकवर पाय पडल्यापासून चाकाला कळेपर्यंत किती वेळ जातो, हे मोजण्यात सुधीरचा जन्म गेला होता. तिथे अर्धा सेकंद लागला तर भाग भंगारात टाकायचे. ही शांतता तीन सेकंदांची होती.

"पण तू नाही म्हणालास," ध्रुव म्हणाला. मराठीत म्हणाला, अडखळत. "मी तिथेच होतो, बाबा."

"म्हणालो. खोटं म्हणालो."

"खोटं कशासाठी?"

"पुन्हा विचारतील म्हणून."

"तू नेहमी नाही म्हणतोस," ध्रुव म्हणाला, आणि मग त्याचं मराठी पुरेना म्हणून जर्मनवर गेला. "फुटबॉलच्या मॅचला येतोस का, नको, तू जा. शाळेच्या तंबूच्या कॅम्पला सगळ्यांचे वडील आले होते. तू म्हणालास, मी कशाला. मी सातवीत विचारणं बंद केलं. मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर कंटाळा येतो."

सुधीरसमोर भिंतीवर शेकडो गळ टांगलेले होते. लहान, मोठे, पितळी, रंगीत. त्या कॅम्पची त्याला आठवण होती. त्याने बॅग भरून ठेवली होती. नवा टॉर्चसुद्धा आणला होता. पोराने दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसला होता. बारा वर्षांच्या पोराने आग्रह करायची!

"टॉर्च आणला होता मी," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. मी येऊ का?"

पुन्हा शांतता. या वेळी एकच सेकंद, पण होती. "हो," ध्रुव म्हणाला. "ये. अलॉइसला सांगतो. शनिवारी सकाळी सहाला."

खरंच बोलावतोय की आता पोरगाही आपल्यासारखा वरवरचं बोलायला शिकला, हे सुधीरला कळेना. गेल्या आठवड्यापर्यंतचा सुधीर इथे म्हणाला असता, राहू दे, तुम्हाला अडचण. ते शब्द जिभेच्या टोकावर आलेही. त्याने दात आवळले.

"सहाला," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

फ्राऊ आइग्नर डाव्या हाताचं एक रीळ घेऊन उभी होती. "हेही देऊ? मुलाला तुम्ही भेट दिलीत ना."

"द्या," सुधीर म्हणाला.

बर्फावर काय असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, चौघं एका भोकाभोवती बसतील, शेकोटी असेल, गप्पा होतील, ध्रुव शेजारी असेल. तसलं काही नसतं. हातभर जाडीचा बर्फ, वरती दुधासारखं आभाळ, काठ कुठे संपतो आणि तळं कुठे सुरू होतं तेही कळत नाही. अलॉइसने यंत्राने चार भोकं पाडली, एकमेकांपासून चाळीस-चाळीस पावलांवर. प्रत्येकाला एक स्टूल दिलं. म्हणाला, "बोलायचं नाही. माशांना कळतं." आणि चौघं चार दिशांना पाठ करून बसले.

म्हणजे एकटं बसायचा कंटाळा येऊन माणूस दोन हजार किलोमीटर आला, कशासाठी? तर एकटं बसायला. सुधीरला पहिल्या दिवशी हसू आलं. दुसऱ्या दिवशी रडू आलं, ते गालावर गोठलं, फारसं कुणाला दिसलं नाही. गाडीत ध्रुव पुढे अलॉइसशी बायरिश बोलीत बोलत होता. खोपटात रात्री पत्ते खेळताना नियम समजावून सांगायचा, आणि मग सुधीर आहे हे विसरायचा. मुद्दाम नव्हे. सवय नव्हती. बिअरचे खोके सुधीरच्या खाटेखाली होते, कूस बदलली की बाटल्या वाजायच्या.

पण रीळ चाललं. उणे एकवीसला अलॉइसच्या भावाचं महागाचं रीळ करकरायला लागलं. सुधीरचं लोण्यासारखं फिरत होतं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला काठीचं टोक वाकलं, हाताला दोन झटके बसले, दोरा सरसर सुटायला लागला, आणि ब्रेकने तो अगदी पाहिजे तेवढाच सोडला. सुधीरने उजव्या हाताने दांडी फिरवली. भोकातून हिरवट, काळ्या पट्ट्यांचा, लाल परांचा पर्च मासा वर आला, वीतभर. तो बर्फावर तडफडला. सुधीरने वर बघितलं. दाखवायला कुणी नव्हतं. तीन पाठी. त्याने हाक मारली नाही, कारण बोलायचं नव्हतं.

थोड्या वेळाने बर्फावर कचकच वाजलं. ध्रुव उभा होता, थर्मास घेऊन. त्याने माशाकडे बघितलं, मग रिळाकडे, मग बापाकडे. कौतुक वगैरे काही केलं नाही. थर्मासचं झाकण फिरवत त्याने हळूच विचारलं,

"कॉफी?"

थर्मास लहान होता. त्याच्यापुरताच असेल. त्याला पुरायला नको का? उगाच आपल्यासाठी एवढं चालत आला. सुधीरचे ओठ 'न'साठी उघडलेसुद्धा.

"हो!" तो म्हणाला. इतक्या मोठ्याने की चाळीस पावलांवरून अलॉइसने वळून डोळे वटारले. "हो. दे."

कॉफी बिनसाखरेची होती, निम्मी गार झालेली. सुधीरने सगळी प्यायली आणि कप पुन्हा पुढे केला.